न आलेल्या उत्तराचं प्रमाण

दिसत नाही, म्हणून नाही, असं म्हणता येतं का? कुमारिल भट्टांची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त म्हणतात, येतं. अनुपलब्धीला ते सहावं प्रमाण मानतात. मात्र ‘वेदान्तपरिभाषा’कार धर्मराज अध्वरींद्र तिला अट घालतात: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही, तर तो नाही हे कळतं. अंधारात दिसला नाही, तर काहीच कळत नाही. क्लाउडमधल्या सर्व्हरांच्या प्रकृतितपासणीला ही अट लावून पाहिली, तर ती क्वचितच पुरी होते असं माझं मत आहे.

ॲमेझॉनच्या क्लाउडमधला ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर मूळ सेटिंगनुसार दर 30 सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला विचारणा करतो, 5 सेकंद वाट पाहतो आणि लागोपाठ 2 वेळा उत्तर चुकलं की त्याला ‘अनहेल्दी’ ठरवतो. ऑटो स्केलिंगला हीच तपासणी जोडलेली असेल, तर ते आभासी यंत्र कायमचं बंद करून नवं उभं केलं जातं. पण यंत्र बंद पडलंय, कामाच्या ओझ्यानं मंदावलंय, की ठणठणीत असून मधलं नेटवर्कच तुटलंय? विचारणाऱ्याला तिन्ही सारखंच दिसतं. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी 1985 मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयाच्या मुळाशी हीच अडचण आहे: निरोपाला किती वेळ लागेल याला मर्यादाच नसेल, तर मंद आणि मृत यांत फरक करता येत नाही. पुढे चंद्रा आणि तुएग यांनी अशा तपासनिसाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्याच्या हाती फक्त संशयितांची यादी दिली. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

पुन्हापुन्हा विचारलं की खात्री वाढेल, असं कोणी म्हणेल. क्षणभर अडखळलेलं यंत्र त्यातून वाचेल, हे खरं. पण तुटलेल्या वाटेवरून दहादा विचारल्यानं अंधार कमी होत नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून विचारणं बरं, कारण त्यानं निदान उजेड वाढतो. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: सेवा चालू राहिली म्हणजे झालं, ज्ञानाची चिकित्सा कशाला? वेब सर्व्हरपुरतं हे मान्य. एखादा चुकून बाद झाला तरी फारसं बिघडत नाही. डेटाबेसचं तसं नाही. प्रमुख प्रत मेली समजून दुय्यम प्रतीला प्रमुख केलं आणि पहिली जिवंत निघाली, तर दोन्ही नोंदी घेत राहतात आणि एकाच खात्याच्या दोन शिलका तयार होतात. म्हणून ‘फेन्सिंग’ करतात: नव्या प्रतीकडे कारभार देण्याआधी संशयिताची वीजच तोडायची. आता ‘ते यंत्र मेलं आहे’ हे विधान निर्विवाद खरं, पण ते कळलं म्हणून नव्हे. आपण ते तसं करून टाकलं म्हणून. प्रमाणाची उणीव इथे कृतीनं भरून काढली जाते.

आपल्या प्रमाणावरचा अविश्वास तो लोड बॅलन्सरही एका प्रसंगी दाखवतो. सगळेच सर्व्हर ‘अनहेल्दी’ ठरले, तर तो निकाल बाजूला ठेवतो आणि सगळ्यांकडेच विनंत्या पाठवू लागतो.