समोरच्या कोपऱ्यातला माणूस



आपण कधी चेन्नईस गेलात, तर उच्च न्यायालयासमोर उभी असलेली वाय.एम.सी.ए.ची तांबड्या दगडाची जुनी इमारत अवश्य पाहा. हा भाग जॉर्ज टाऊनचा. मद्रासच्या याच वाय.एम.सी.ए.ने हॅरी क्रो बक यांच्या हस्ते १९२० मध्ये शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. शरीर हीसुद्धा देवाने सोपविलेली ठेव आहे, या श्रद्धेतून ते काम उभे राहिले.

येथून उत्तरेकडे बंदर, रॉयपुरम, काशिमेडू, व्यासर्पाडी अशा कष्टकऱ्यांच्या वस्त्या पसरल्या आहेत. या वस्त्यांना मुष्टियुद्धाचे वेड फार जुने. कोल्हापुरात जशा तालमी, तशा तेथे ‘परंबरै’. शब्द आपल्या ‘परंपरा’ या शब्दाचाच भाऊ. सार्पट्टा आणि इडियप्पा ही त्यांतील नामांकित घराणी. २०२१ साली दिग्दर्शक पा. रंजित यांच्या ‘सार्पट्टा परंबरै’ या चित्रपटाने त्यांची नावे देशभर पोहोचविली. आपल्याकडे वस्ताद, तेथे ‘वात्तियार’. आणि आपल्याकडे जुन्या मल्लांवरून पारावर जसे वाद रंगतात, तसेच तेथे मुष्टियोद्ध्यांवरून रंगतात. आजवरचा सर्वश्रेष्ठ कोण?

हा वाद कधी मिटत नाही. एक जण जो लुईंचे नाव घेतो. १९३७ ते १९४९ असे सलग जगज्जेतेपद राखणे दुसऱ्या कोणत्या हेवीवेट योद्ध्याला साधले? दुसरा रॉकी मार्सियानो यांचा दाखला देतो. ४९ लढती, ४९ विजय. तिसरा म्हणतो, आकडे बाजूला ठेवा, महंमद अली ते महंमद अली. सार्पट्टाचा अभिमानी मात्र या साऱ्यांना बाजूला सारून किथेरी मुत्तूंचे नाव पुढे करतो, कारण ते त्याच्या घराण्याचे. आवडता योद्धा आपण हिशेब मांडून निवडत नाही. आपल्याला स्वतःत जे हवेसे वाटते, ते ज्याच्यात दिसते, त्याला आपण आपला म्हणतो. यात मला काही गैर दिसत नाही. पण या वादात एक माणूस नेहमी विसरला जातो, आणि आज मला त्याच्याविषयीच बोलायचे आहे.

१९८० च्या प्रारंभी अली मद्रासला आले. जॉर्ज टाऊनपासून जवळच असलेल्या नेहरू स्टेडियमवर त्यांची प्रदर्शनीय लढत झाली. अलींना प्रत्यक्ष पाहिल्याची आठवण त्या शहराने आजही जपून ठेवली आहे. पण त्या रिंगणात समोरच्या कोपऱ्यात कोण होते? ते होते जिमी एलिस. अलींच्याच लुईव्हिल गावचे, त्यांचे बालपणापासूनचे मित्र, चर्चमध्ये भक्तिगीते गाणारे. १९६८ मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनचे हेवीवेट विजेतेपद त्यांनी मिळविले होते. पुढे सरावात एका डोळ्याला इजा झाल्याने १९७५ मध्ये ते निवृत्त झाले. म्हणजे मद्रासच्या प्रेक्षकांपुढे ते उभे राहिले, तेव्हा तो डोळा अधू झालेला होता. अखेरच्या काळात त्यांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले आणि २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. सर्वश्रेष्ठांच्या यादीत त्यांचे नाव कोणी घेत नाही.

आणि अली? मद्रासला आले तेव्हा ते निवृत्ती जाहीर करून बसले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा रिंगणात उतरले. लॅरी होम्स यांनी दहा फेऱ्या त्यांना झोडपले आणि अखेर प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबविली. १९८४ मध्ये त्यांना पार्किन्सन्सचे निदान झाले. त्या आजाराचे मूळ मुष्टियुद्धातच होते की नाही, याविषयी मतभेद आहेत. परंतु डोक्यावर वारंवार बसणारे आघात मेंदूला कायमची इजा करतात, हे हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरांनी १९२८ मध्येच लिहून ठेवले होते. अज्ञानाची सबब आपल्याला सांगता येणार नाही.

मग या खेळावर प्रेम करणे पाप आहे काय? कोणी म्हणेल, योद्धे स्वखुशीने उतरतात. बंदरावर ओझी वाहणाऱ्याच्या मुलाला या खेळाने ताठ मानेने चालायला शिकविले, हेही खरे. शिवाय प्रेषित पौलानेही करिंथकरांना लिहिताना मुष्टियोद्ध्याचा दृष्टांत दिलाच आहे. होय, दिला आहे. पण तो दृष्टांत पुन्हा वाचून पाहा. पौलाचे ठोसे वाऱ्यावर जात नाहीत, तसे ते प्रतिस्पर्ध्यावरही पडत नाहीत. ते पडतात त्याच्या स्वतःच्या देहावर, त्याला ताब्यात ठेवण्यासाठी. पौलाने गौरविली ती शिस्त. शेजाऱ्याचा चेंदामेंदा नव्हे.

मला वाटते, प्रश्न खेळाचा जितका, तितकाच आपल्या टाळीचा आहे. ‘आणखी एक फेरी’ असे ओरडणारा प्रेक्षक आपल्या आवडत्या योद्ध्यावर खरेच प्रेम करतो का? १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलाजवळ अली आणि जो फ्रेझियर यांची लढत झाली. अनेक रसिक तिला इतिहासातील सर्वोत्तम लढत मानतात. चौदा फेऱ्या संपल्या. फ्रेझियर यांचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते, तरी त्यांना पंधरावी फेरी लढायचीच होती. त्यांचे प्रशिक्षक एडी फच यांनी नकार दिला आणि लढत थांबविली. जगज्जेतेपद हातचे गेले, माणूस वाचला. त्या दिवशी फ्रेझियर यांच्यावर सर्वांत अधिक प्रेम कोणी केले असेल, तर ते फच यांनी, असे मी म्हणेन. ज्याचे आपण चाहते, त्याला पराभूत होऊन घरी जाऊ देणे, ही प्रेमाची अवघड पायरी आहे.

वाचकहो, आपण कदाचित मुष्टियुद्ध पाहत नसाल. परंतु टाळी आपणही वाजवितो. पहिला येणाऱ्या मुलासाठी, आजारपणातही उपदेश न चुकविणाऱ्या पाळकांसाठी, कधीही ‘थकले’ न म्हणणाऱ्या आईसाठी. त्यांचे कौतुक करताना आपण त्यांच्याकडून आणखी एक फेरी मागत नाही ना, हे एकदा पाहू या. आणि स्पर्धेत आपले मूल पहिले आले, की दुसऱ्या कोपऱ्यात कोणाचे मूल उभे होते, याचीही विचारपूस करू या.

सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद उत्तर चेन्नईत चालू राहील. तो खुशाल चालावा. फक्त अलींचे नाव निघाले, की कोणीतरी जिमी एलिस यांचेही नाव काढावे. त्या दिवशी नेहरू स्टेडियमवर रिंगणात माणसे दोन होती.