धूर कुठे जातो?

दत्त चौकाच्या गर्दीत माझी इलेक्ट्रिक स्कूटर आवाज न करता उभी असते, तेव्हा मला उगाच मोठेपण वाटतं. बाकीच्या गाड्या धूर सोडतायत, मी नाही. राज्याच्या २०२१ आणि २०२५ च्या धोरणांनी अशा गाड्यांचा मोटार वाहन कर माफ केला. म्हणजे माझ्या चांगुलपणावर सरकारचाही शिक्का.

मामांचं शेत आपल्याच जिल्ह्यात, वणी तालुक्यात, कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्याला लागून. दिवाळीनंतर वेचणीला गेलो, तर रस्त्याकडचा कापूस राखाडी पडलेला. व्यापारी असा कापूस मुठीत घेऊन उजेडात धरतो आणि भाव पाडतो. मामा म्हणाले, “बाबू, तुई गाडी धूर सोडत नाई म्हंतेत. मंग आमच्या पऱ्हाटीवर हे काय पडते रे?”

घरी येऊन हिशेब केला. शंभर किलोमीटरला माझ्या स्कूटरला साधारण तीन युनिट वीज लागते. ती सगळी कोळशाची धरली, तर दोनेक किलो कोळसा जळतो आणि सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पेट्रोलची स्कूटर तेवढ्याच अंतरात दोनेक लिटर पिते आणि साडेचार किलो सोडते. विजेत सौरऊर्जा मिसळली की फरक आणखी वाढतो. म्हणजे गाडी घेऊन मी चुकलो नाही.

पण हा हिशेब बेरजेचा आहे. मामांचा प्रश्न वाटणीचा आहे. करमाफी मला मिळाली, दत्त चौकातली हवा जराशी सुधारली. मामांनी मात्र त्यांच्या जुन्या पेट्रोल गाडीचा कर भरला आणि कापसाचा भावही गमावला. ज्याच्या वाट्याला फायद्यातलं काहीच येत नाही, त्याला ‘एकूण फायदा जास्त आहे’ असं सांगणं म्हणजे त्याला गप्प बसवणं.

कुणी म्हणेल, कोळसा तुझ्या स्कूटरच्या कितीतरी आधीपासून निघतोय. घरातला पंखा, हातातला मोबाइलही त्याच विजेवर चालतो. मग दोष स्कूटरलाच का? कारण पंखा लावताना मी स्वतःला स्वच्छ म्हणवून घेतलं नव्हतं. स्कूटर घेताना घेतलं. तसं म्हणवून घ्यायचं असेल, तर घाण कुठे जाते हे बघणं माझ्यावर आलं.

ताडपत्रीने नीट झाकलेले ट्रक, पाणी मारलेला रस्ता, काळ्या पडलेल्या कापसाची भरपाई: हा सगळा खर्च स्वच्छ गाडीच्या किमतीतच धरायला हवा. करमाफी देता येते, तर हेही करता येईल.

स्कूटर मी विकणार नाही. मागचा ‘शून्य प्रदूषण’ लिहिलेला स्टिकर मात्र काढून टाकला. मामांना अजून उत्तर दिलेलं नाही. पुढच्या वेचणीला जाईन तेव्हा ते पुन्हा विचारतील.