कोण काय करणार?

शाळेच्या मैदानावर एखादं मूल पडलं, की आपण काय करतो? धावतो. भोवती गोळा होतो. कुणी पाणी शिंपडतं, कुणी कांदा हुंगवायला सांगतं. माया सगळ्यांचीच असते हो. पण कोण काय करणार, हे ठरलेलं नसतं.

धडधाकट, खेळकर मुलाचंही हृदय क्वचित अचानक थांबतं. कधी आत जन्मजात दोष लपलेला असतो. कधी छातीवर चेंडू जोरात आदळतो. मूल हाकेला ओ देत नाही. मधूनच आचके देतं, आणि आपल्याला वाटतं, श्वास चालू आहे. तो श्वास नव्हे. लगेच छातीच्या मधोमध जोरात, भरभर दाबत राहायचं. तेवढ्यात दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा, आणि हृदयाला झटका देणारं यंत्र कुणीतरी धावत आणायचं. ते यंत्र बोलून सूचना देतं. गरज नसेल तर झटका देतही नाही. शिपाईमामासुद्धा ते वापरू शकतात.

श्रोतेहो, भीती सगळ्यांनाच वाटते. घाबरल्यावर नवं काही सुचत नाही, हात सरावाचंच करतात. म्हणून शिक्षकांनी, मोठ्या मुलांनीही गुडघे टेकून, सरावाच्या पुतळ्यावर दाबून पाहावं. वर्षातून एकदा तरी.

येत्या पालकसभेत गुणांबद्दल विचाराच. पण हेही विचारा, कोण काय करणार? आणि यंत्र असलंच, तर शाळा सुटल्यावर, मुलं मैदानावर असताना, ते ठेवलेल्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?