सरकारी वकील कुणाचा?



अत्याचाराचा खटला कोर्टात उभा राहिला की वस्तीत पहिला प्रश्न निघतो तो असा : "सरकारी वकील आपला आहे का त्यांचा?" विचारणाऱ्याला त्या वकिलाची जात जाणून घ्यायची असते, गाव जाणून घ्यायचे असते, त्याची ऊठबस कुणाकडे आहे हे जाणून घ्यायचे असते. या चौकशीला मी हसत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या फिर्यादीचा निवाडा मारणाऱ्याच्याच ओसरीवर झाला, त्यांनी अशी चौकशी करणे स्वाभाविक आहे. परंतु प्रश्न तेवढ्यावरच सोडून दिला तर आपलीच हानी होते. म्हणून सरकारी वकील नावाचा हा मनुष्य खरोखर कुणाचा असतो आणि कुणाचा असावा, याचा आपण आज शांतपणे विचार करू या.

समन्सच्या कागदावर "महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक" असे लिहिलेले असते. ज्याने मार खाल्ला त्याचे नाव त्या ओळीत नसते. पुष्कळांना याचे वाईट वाटते. मार आम्ही खाल्ला, मग भांडण सरकारचे कसे, असे ते विचारतात. पण या एका ओळीत केवढा मोठा नैतिक विचार आहे ते पाहा. जुन्या गावकीत मारणारा आणि मार खाणारा समोरासमोर बसत. एकाकडे जमीन, विहीर, दुकान. दुसऱ्याकडे दोन हात. चार वडीलधारे मध्ये पडत आणि "मिटवून टाका" म्हणत. नारळ फुटे, थोडे पैसे हातावर ठेवले जात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाईला त्याच शेतात खुरपायला जावे लागे. दोन असमान माणसांत अशी जी तडजोड होते, तिला तडजोड म्हणू नये. ती सक्तीच होय.

मी शिक्षक आहे, म्हणून वर्गातले उदाहरण देतो. दांडग्या मुलाने दुबळ्या मुलाला मारले, तर "तू त्याच्याशी तुझे पाहून घे" असे शिक्षक म्हणत नाही. त्या माराने सगळ्या वर्गाची शिस्त मोडली असे तो मानतो आणि स्वतः उभा राहतो. राज्याचेही तसेच आहे. शेतमजूर बाईला झालेला अपमान हा सर्व समाजाला झालेला अपमान आहे असे राज्याने मानले, म्हणून तिच्या जागी सर्व महाराष्ट्र फिर्यादी होऊन उभा राहतो. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे पालन हा कायद्याने शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरवला. पण अनुच्छेद स्वतःच्या पायांनी कोर्टात चालत जात नाही. त्याला नेणारा माणूस लागतो. संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे वाईट निघाले तर ते वाईट ठरेल, असा इशारा पूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. फौजदारी न्यायात त्या राबवणाऱ्यांपैकी एक महत्त्वाचा माणूस म्हणजे सरकारी वकील.

आता हा माणूस कुठे असतो ते पाहू. सत्र न्यायालयात जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे सहकारी खटला चालवतात. तालुक्याच्या फौजदारी न्यायालयात सहायक सरकारी अभियोक्ता असतो. पूर्वी तिथे पोलीस खात्याचाच प्रॉसिक्यूटर उभा राहत असे. ज्याने पकडले त्याच्याच खात्याने दोष सिद्ध करायचा, अशी ती रीत होती. १ एप्रिल १९७४ पासून नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली आणि तपास वेगळा, खटला चालवणे वेगळे, असे तत्त्व आले. तरीही महाराष्ट्रात पोलिसांची पकड सुटेना. १९९५ मध्ये आपल्याच राज्यातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की हे अभियोक्ते पोलीस खात्याच्या हुकमतीतून मोकळे करा आणि त्यांचे वेगळे खाते करा. त्याच्या आदल्या वर्षी महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने सांगितले होते की सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही. पोलिसांनी पुढे केलेल्या कागदावर त्याने स्वतःची बुद्धी चालवली पाहिजे.

म्हणजे तो पोलिसांचा नाही. मग तो आपला, फिर्यादीचा, खाजगी वकील आहे काय? तसेही नाही. इथे अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. सरकारी वकिलाचे काम शिक्षा मिळवणे हे नसून सत्य न्यायालयापुढे मांडणे हे आहे. आरोपीच्या बाजूचा पुरावा हाती आला तर तो दडपण्याचा त्याला अधिकार नाही. आपल्यातल्या एखाद्याने रागाच्या भरात, घटनास्थळी नसलेल्या माणसाचे नाव फिर्यादीत घातले असेल, तर ते नाव रेटून नेणे हे त्याचे काम नाही. हे ऐकून कुणी म्हणेल, "गुरुजी, शेकडो वर्षे आमच्यावर खोटे लादले गेले, आणि आज सत्याचा हिशेब आम्हीच द्यायचा?"

याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९२६ साली "देशाचे दुश्मन" या पुस्तकाच्या खटल्यात बाबासाहेब आरोपींच्या बाजूने उभे राहिले आणि पुण्याच्या सत्र न्यायालयात त्यांनी अपील जिंकले. म्हणजे आरोपीचा पिंजरा काही नेहमी दुसऱ्यांसाठीच असतो असे नाही. मोर्चा काढला, पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध केला, की आपल्याही तरुणांवर खटले भरले जातात. त्या दिवशी समोर कसा सरकारी वकील असावा असे तुम्हाला वाटते? पोलिसांनी लिहून आणलेले सगळे डोळे झाकून खरे मानणारा, की कागद वाचून "याच्याविरुद्ध पुरावा नाही" असे म्हणण्याचे धैर्य असलेला? आरोपी असताना प्रामाणिक वकील हवा आणि फिर्यादी असताना मात्र आपल्या मर्जीचा हवा, हे दोन्ही एका खुर्चीकडून मागता येणार नाही. शिवाय असत्य न बोलण्याचे शील आपण घेतले आहे. ते विहाराच्या दारापाशी ठेवून कोर्टाची पायरी चढता येत नाही.

परंतु निःपक्षपाती असणे वेगळे आणि उदासीन असणे वेगळे. आपल्या देशात पुष्कळ नुकसान या उदासीनतेने केले आहे. १ मार्च २००२ रोजी बडोद्याच्या बेस्ट बेकरीत १४ माणसे मारली गेली. खटल्यात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि २००३ मध्ये सर्व २१ आरोपी सुटले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलाच्या वागण्यावर कठोर ताशेरे ओढले आणि खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला लावला. २००६ मध्ये मुंबईत नऊ जण दोषी ठरले. त्यांतील चौघांची शिक्षा २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने कायम ठेवली. फेरखटल्यात आरोपींना संशयाचा फायदाही मिळाला आणि मृतांना न्यायही मिळाला. काम मनापासून झाले की दोन्ही गोष्टी एकाच न्यायालयात होऊ शकतात, हे त्यातून दिसते.

आपल्या घराजवळचे पाहा. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) खर्डा गावी एप्रिल २०१४ मध्ये आपल्या समाजातल्या एका शाळकरी मुलाचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजी हत्याकांडात २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी ठरवले, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा सिद्ध झाला असे मानले नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही ते मानले नाही. खून दिसला, पण खुनामागची जात न्यायालयाच्या नोंदीत आली नाही. जात सर्वांना ठाऊक असते, पण पुराव्यावाचून कोर्टाला ती दिसत नाही. तिचा पुरावा तपासात गोळा व्हावा लागतो आणि सरकारी वकिलाने तो साक्षीदाराच्या तोंडून नोंदीवर आणावा लागतो.

म्हणून सरकारी वकिलाच्या कार्यालयाने समाजाची सेवा करायची ती भाषणांतून नव्हे. साक्षीला आलेली म्हातारी व्हरांड्यात दिवसभर ताटकळत बसली असेल, तर तिला आत बोलावून खुर्ची देणे, तिचा जबाब तिला वाचून दाखवणे, उलटतपासणी म्हणजे काय हे समजावणे, आणि काय बोल ते न शिकवता जे पाहिले ते न भिता सांग एवढे सांगणे, ही ती सेवा. हा दयाधर्म नव्हे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने १५-अ हे कलम आले आणि ते जानेवारी २०१६ पासून लागू झाले. त्यानुसार जामिनासह प्रत्येक सुनावणीची खबर पीडिताला वेळेवर मिळाली पाहिजे, आणि जामीन, सुटका, शिक्षा अशा प्रसंगी पीडिताचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. पीडितांना व साक्षीदारांना संरक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. १९९५ च्या नियमांप्रमाणे साक्षीला येण्याचा प्रवासखर्च मिळतो. विशेष सरकारी वकिलांच्या कामाचा आढावा जिल्हाधिकाऱ्यांनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायचा असतो. नेमलेल्या वकिलाबद्दल विश्वास वाटत नसेल तर दुसरा अनुभवी वकील नेमावा अशी विनंती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

आता आपल्या कर्तव्याकडे वळू. नवदीक्षित कुटुंबांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. "आम्ही बौद्ध झालो, आता तो कायदा आम्हाला लागू नाही," असा गैरसमज काही ठिकाणी ऐकू येतो, आणि विरुद्ध बाजूही तो मुद्दाम पसरवते. अनुसूचित जातींच्या राष्ट्रपती आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचा त्यात समावेश झाला. धम्म स्वीकारल्याने संरक्षण जात नाही. परंतु पीडित अनुसूचित जातीचा आहे आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही, हे खटल्यात सिद्ध करावे लागते. म्हणून धर्मांतरित बौद्ध म्हणून जातीचे प्रमाणपत्र वेळीच काढून पेटीत ठेवा. ज्या जातीचे नाव आपण टाकले तेच कागदावर मागितले जाते, याचे दुःख मलाही आहे. पण मारणाऱ्याने ते नाव टाकलेले नसते, हे विसरू नका.

जबाब लिहिला गेला की तो वाचून घ्या; वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. जातीवाचक शिवी जशी दिली तशीच लिहिली आहे का, कुणादेखत दिली हे लिहिले आहे का, ते पाहा. पाहिले तेवढेच सांगा, एक नावही अधिक घालू नका. एका खोट्या नावाने दहा खरी नावे सुटतात. तारखेला एकट्या बाईला पाठवू नका, वस्तीतले चौघे बरोबर जा. साक्षीदार फितूर होतो तो पुष्कळदा पैशाने नव्हे, एकटेपणाने होतो. त्याचे दुकान बंद पडले, पाणी तोडले, तर तो भार सर्व वस्तीने उचलला पाहिजे. आणि सरकारने खटला मागे घ्यायचे ठरवले तर स्वस्थ बसू नका : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय न्यायालयाला तशी परवानगी देता येत नाही.

राहता राहिला आरंभीचा प्रश्न. सरकारी वकील आपला की त्यांचा? तो कायद्याचा असावा एवढीच मागणी आपण करावी, आणि तो तसा नसेल तेव्हा लेखी तक्रार करावी. आपली मुले शिकत आहेत. त्यांतली काही कायदा शिकून उद्या त्या खुर्चीवर बसतील. त्या दिवशी गावातला सवर्ण आरोपीसुद्धा, "हा माझ्याशी खोटेपणाने वागणार नाही," असे म्हणू शकला पाहिजे. मुलांना वकिलीच्या शिक्षणाला पाठवताना एवढे त्यांच्या कानावर घाला.

जय भीम.