बर्फावरची चूल

जळगाव-धुळ्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, तेव्हा उणे ३० अंशांत माणसे कशी राहत असतील ह्याची कल्पनाही करवत नाही. तरीही अलास्काच्या उत्तरेला, गोठलेल्या आर्क्टिक समुद्रावर, अमेरिकेचे नौदल काही वर्षांच्या अंतराने मार्च महिन्याच्या सुमारास एक छावणी उभारते. तिच्याखाली जमीन नसते. वाऱ्यासरशी सरकणारा बर्फाचा एक विस्तीर्ण तुकडा असतो. बर्फाखालून जाणाऱ्या, अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांच्या सरावाला साहाय्य करणे हे ह्या छावणीचे प्रयोजन. २०१८ साली दोन अमेरिकन व एक ब्रिटिश पाणबुडी अशा सरावात उतरली होती.

तेथील दिनचर्या मात्र आपल्या परिचयाचीच आहे. सकाळी प्रथम पाण्याची सोय करावी लागते. जुन्या बर्फातील मीठ काळाच्या ओघात पाझरून गेलेले असते; तो बर्फ खरवडून वितळवला की पिण्याचे पाणी मिळते. स्वयंपाक वेळेवर व्हावा लागतो, कारण थंडीत उपाशी देह लवकर गारठतो. तंबूतली शेगडी विझू द्यायची नसते. बर्फाला तडा गेला का, ह्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी लागते. २०१४ साली बर्फ फुटू लागल्यामुळे छावणी मुदतीपूर्वीच गुंडाळावी लागली. पाणबुडीने सोडलेला सरावाचा टॉर्पेडो, ज्यात स्फोटके नसतात, धाव संपली की बर्फाच्या तळाशी येऊन अडकतो. मग बर्फाला भोक पाडून पाणबुडे त्या काळोख्या पाण्यात उतरतात, त्याला दोर बांधतात आणि हेलिकॉप्टर तो वर खेचून घेते.

आणखी एक नियम तेथे कसोशीने पाळला जातो. हिमदंशाने गालावर पांढरा डाग उमटला तर तो ज्याचा त्याला दिसत नाही, आणि त्वचा बधिर झाल्यामुळे दुखतही नाही. सोबत्यानेच तो पाहून सांगायचा असतो. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो.

परस्परांची काळजी, काटकसर, जागरूकता: कोणत्याही मठाला शोभावेत असे हे गुण आहेत. परंतु येथेच प्रश्न उभा राहतो. ही सारी काळजी अखेर एका युद्धयंत्राच्या सेवेत खर्ची पडते. मग त्या चुलीवर रांधणाऱ्याचे काम चांगले म्हणायचे की नाही?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. भुसावळ आणि वरणगाव येथे कित्येक दशके संरक्षण साहित्याचे कारखाने आहेत. वरणगावात काडतुसे तयार होतात. त्या पगारावर खानदेशातील कितीतरी घरांच्या चुली पेटल्या, मुले शिकली, मुलींची लग्ने झाली. ‘फादर, मी उभ्या आयुष्यात कोणावर हात उगारला नाही, पण मी घडवलेली गोळी कोठे गेली असेल?’ असा प्रश्न निवृत्तीच्या उंबरठ्यावरील माणसाच्या ओठी येतो, तेव्हा ‘तू विचार करू नकोस’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

नीतिशास्त्र येथे एक विवेक शिकवते. दुष्कृत्याचा हेतू मनात धरून केलेले साहाय्य वेगळे, आणि तो हेतू मनात नसता आपल्या कामाचा केवळ उपयोग होणे वेगळे. शिवाय कृत्यापासून आपण जितके दूर, तितका आपला वाटा कमी. देशाच्या न्याय्य रक्षणाचा हक्कही चर्चने कधी नाकारलेला नाही. ह्या विवेकाने कामगाराच्या मनावरचे पुष्कळसे ओझे उतरते, आणि ते उतरणे योग्यच आहे. परंतु त्याचा आडोसाही करता येतो. ‘मी फक्त भाकरी भाजतो’, ‘मी फक्त दोर बांधतो’, ‘मी फक्त सही करतो’, असे साखळीतील प्रत्येक जण म्हणू लागला, तर शेवटी विध्वंसाला कोणी कर्ताच उरत नाही. अंतर वाढले म्हणजे दोष घटतो. विचारण्याचे कर्तव्य मात्र घटत नाही.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला ह्या बाबतीत एक बोलका दाखला सापडतो. १९८३ च्या डिसेंबरात गोव्याहून भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम निघाली. नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता ह्या दोन स्त्रिया तीत होत्या. बर्फावर ‘दक्षिण गंगोत्री’ हे केंद्र लष्कराच्या अभियंत्यांनी उभारले आणि १९८४ चा हिवाळा बारा जणांनी तेथे काढला. शेगडी, पाणी, एकमेकांची राखण, सारे तेथेही होतेच. परंतु १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने त्या खंडावर लष्करी सराव आणि शस्त्रांच्या चाचण्या निषिद्ध केल्या आहेत. विज्ञानाच्या साहाय्यासाठी मात्र सैनिकांना मुभा आहे. शीतयुद्ध ऐन भरात असताना परस्परांचे वैरी एका मेजाभोवती बसले आणि त्यांनी हे ठरवले.

ह्याचा अर्थ असा, की हात तेच, कौशल्य तेच, बर्फही तसाच. साध्य मात्र माणसांनी निवडलेले असते. जे निवडलेले असते ते बदलताही येते. म्हणून खरा जाब चुलीजवळच्या माणसाला नव्हे, तर साध्य ठरवणाऱ्यांना विचारला पाहिजे. आणि लोकशाहीत त्या ठरवणाऱ्यांना आपण निवडतो, हे विसरून चालणार नाही.

मग चुलीजवळच्या माणसाने काय करावे? भाकरी प्रामाणिकपणे भाजावी, कारण भुकेल्याला दिलेले अन्न कोणत्याही छावणीत चांगलेच असते. २००७ साली अशाच सरावात एका ब्रिटिश पाणबुडीत स्फोट होऊन दोन खलाशी दगावले. पाणबुडी बर्फ फोडून वर आली आणि तिसऱ्या, जखमी खलाशाला विमानाने रुग्णालयात हलवण्यात आले. अशा वेळी वर माणसे जागी असणे ही दयाच होय. परंतु त्या चांगुलपणाने मूळ प्रश्न झाकू नये.

सदसद्विवेकालाही हिमदंश होतो. तो ज्याचा त्याला दिसत नाही, आणि बधिरतेमुळे दुखतही नाही. एका पगारावर, एका ध्वजाखाली, एका सवयीत आपण सारेच गारठत असतो. शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे न्याहाळून पाहणे आणि डाग दिसला तर तो प्रेमाने सांगणे, हे आपले काम आहे. आणि आपल्या गालावरचा डाग कोणी दाखवला, तर रागावू नये, ऊब शोधावी.