पाने कोणाची खुडावीत?

त्यागाने माणूस मोठा होतो, असे आपण सहज बोलून जातो. पण ज्याच्यापाशी मुळातच थोडे उरले आहे, त्याच्यापुढे हेच बोल काढावेत का? माउली, या प्रश्नाचे उत्तर जपानमधल्या एका लहानशा झाडापाशी सापडते.

टोकियोच्या उत्तरेला, आजच्या सैतामा शहरात, ओमियाचे बोन्साय गाव आहे. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर टोकियोतील काही बोन्साय जोपासणारे माळी मोकळी जागा शोधत तिकडे गेले आणि १९२५ मध्ये हे गाव वसले. उथळ कुंडीत वर्षानुवर्षे लहान राखलेले झाड म्हणजे बोन्साय. त्यात जपानी मेपलचे कौतुक फार. पाने पंजासारखी, शरदात लालबुंद होणारी.

उन्हाळ्याच्या तोंडाशी हे झाड हिरवेगार असते, आणि नेमका तेव्हाच माळी कात्री घेतो. एकेक पान कापतो. कधी सगळी पाने, कधी आतल्या काड्यांना ऊन मिळावे म्हणून फक्त बाहेरची. पान ओरबाडायचे नाही, देठ राखायचा. कारण देठाच्या बुडाशी इवलासा डोळा असतो. देठ पुढे वाळून आपणच गळतो, डोळा फुटतो आणि काही आठवड्यांत नवी पालवी येते. पाने आधीपेक्षा लहान, फांद्या अधिक नाजूक.

इथवर ऐकून कोणीही म्हणेल, “बघा, गमावल्यावरच बहर येतो!” पण माळ्याचा पहिला नियम वेगळाच आहे. रोगट झाडाची, नुकतीच कुंडी बदललेल्या झाडाची किंवा अशक्त झाडाची पाने तो खुडत नाही. पान हे झाडाचे स्वयंपाकघर. ते गेल्यावर नवी पालवी येते ती खोडामुळांत साठवलेल्या शिदोरीवर. शिदोरी नसेल तर तीच कात्री फांद्या वाळवते. पाने खुडल्याने झाड सशक्त होत नाही. सशक्त झाडच पाने खुडणे सोसते.

आपण मात्र उलट करतो. पीक बुडालेल्याला सांगतो, “देव परीक्षा पाहतो आहे, यातून भलेच होईल.” औषधावर असलेल्या म्हातारीने एकादशीला दोन घास खाल्ले, तर घरातलेच नाक मुरडतात. त्याग आणि हानी बाहेरून सारखीच दिसतात. दोन्हीकडे फांदी उघडीच. फरक मुळाशी असतो, आणि मुळे दुसऱ्याला दिसत नाहीत.

शिवाय झाडाला कोणी विचारत नाही. त्याची पाने पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी कापली जातात. इथे हा दृष्टान्त संपतो. माणूस कोणाच्या ओसरीवरची शोभेची कुंडी नव्हे. त्याची पाने खुडण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा.

म्हणून कात्री हाती घ्यायचीच तर आपल्या फांदीवर घ्यावी. तीही शिदोरी तपासून, देठ राखून. अंगात बळ असताना गर्व, हाव, वाद यांची गर्दी कमी केली, तर आतल्या काड्यांना ऊन मिळेल.

आणि शेजारचे झाड खंगलेले दिसले तर? माळी त्याची आहेत ती पाने जपतो, दुपारच्या उन्हात त्याला सावलीत ठेवतो, बेताने पाणी घालतो. दुःखात असलेल्याच्या दारी जाताना आपणही एवढेच घेऊन जावे. उपदेश थांबू शकतो.