चिखलातल्या संदेष्ट्यासाठी जुनेर



तीन वर्षांतून एकदा, सामान्य काळातल्या विसाव्या रविवारी, आपण मिस्सामध्ये यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले एक वाचन ऐकतो. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे. नगरातली भाकर संपत आली आहे. अशा वेळी यिर्मया कोणालाच नको असलेली बातमी देतो : हे नगर पडणार. अधिकारी चिडतात. ते सिद्कीया राजाला सांगतात की, हा माणूस सैनिकांचे धैर्य खचवतो, ह्याला लोकांचे भले नको आहे. राजा हात झटकतो. यिर्मयाला दोरांनी एका हौदात सोडले जाते. हौदात पाणी नाही, चिखल आहे. संदेष्टा त्या चिखलात रुततो.

मग राजवाड्यातला एक परदेशी सेवक, कूश देशाचा एबद-मलेख, राजापुढे उभा राहतो. तो लांबलचक भाषण करत नाही. ह्या माणसावर अन्याय झाला आहे आणि तो तिथे भुकेने मरेल, एवढेच तो सांगतो. राजा त्याच्याबरोबर माणसे देतो.

रविवारचे वाचन इथेच थांबते. पण आज घरी गेल्यावर पवित्र शास्त्र उघडा आणि अडतिसाव्या अध्यायातली पुढची तीन वचने वाचा. एबद-मलेख लगेच दोर सोडत नाही. तो आधी कोठाराखालच्या खोलीत जातो, जुनेर आणि चिंध्या गोळा करतो, त्या खाली सोडतो आणि यिर्मयाला सांगतो, ह्या काखेत धर, म्हणजे दोर काचणार नाहीत. मगच त्याला वर ओढतात.

दोर म्हणजे न्याय, आणि जुनेर म्हणजे बंदिवानाच्या देहाची काळजी. खरी बातमी दिली म्हणून तुरुंगात पडलेल्या पत्रकारांना आज ह्या दोन्ही गोष्टींची गरज आहे.

पत्रकार म्हणजे संदेष्टे नव्हेत. तेही आपल्यासारखे चुकतात. पण यिर्मयावर ठेवलेला आरोप अजून जुना झालेला नाही. तेव्हा ‘सैनिकांचे धैर्य खचवतो’ म्हणत, आता ‘देशाच्या सुरक्षेला धोका’ म्हणतात. पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका समितीने १ डिसेंबर २०२४ रोजी जगभर ३६१ पत्रकार तुरुंगात असल्याची नोंद केली.

आपल्या ख्रिस्तसभेला हे दुःख परके नाही. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी भारताचे देवसहायम पिल्लै ह्यांना संत म्हणून घोषित केले. त्याच समारंभात हॉलंडचे कार्मेलाइट धर्मगुरू टायटस ब्रँड्समा हेही संत झाले. फादर टायटस प्राध्यापक होते आणि कॅथलिक पत्रकारांचे आध्यात्मिक सल्लागारही होते. नाझींनी हॉलंड व्यापल्यावर वृत्तपत्रांना नाझी पक्षाच्या जाहिराती छापण्याचा हुकूम दिला. महागुरुस्वामींच्या वतीने फादर टायटस गावोगावी संपादकांना भेटले आणि हा हुकूम मानू नका, असे त्यांनी समक्ष सांगितले. १९ जानेवारी १९४२ रोजी त्यांना अटक झाली. वय साठ, प्रकृती मुळातच नाजूक. एका तुरुंगातून दुसऱ्यात असे करत ते डाखाऊच्या छळछावणीत पोहोचले. २६ जुलै १९४२ रोजी छावणीच्या इस्पितळात त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारण्यात आले. ज्या खाटेवर औषध मिळायचे, तिथे मरण मिळाले. सुई टोचणाऱ्या परिचारिकेला त्यांनी आपली जपमाळ देऊन ठेवली होती. पुढे तिनेच त्यांच्याविषयी साक्ष दिली.

आजचे उदाहरण हाँगकाँगचे. ‘ॲपल डेली’ ह्या दैनिकाचे संस्थापक जिमी लाय १९९७ साली बाप्तिस्मा घेऊन कॅथलिक झाले. ब्रिटिश नागरिक असल्याने त्यांना देश सोडून जाता आले असते, पण ते थांबले. २०२० च्या अखेरीस ते कोठडीत गेले आणि जून २०२१ मध्ये वृत्तपत्र बंद पडले. १५ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने त्यांना राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्याखाली दोषी ठरवले, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते आणि मधुमेही होते. कोठडीतली बरीच वर्षे त्यांनी एकट्याने काढली होती. उपचार व्यवस्थित होतात आणि एकांतवास त्यांनीच मागितला, असे तिथले सरकार म्हणते. कुटुंबाला मात्र त्यांच्या जिवाची भीती वाटत आली आहे.

आपल्या देशाकडेही पाहू या. केरळचे पत्रकार सिद्दिक कप्पन ऑक्टोबर २०२० मध्ये हाथरसला बातमीसाठी निघाले असता उत्तर प्रदेशात पकडले गेले. एप्रिल २०२१ मध्ये तुरुंगात त्यांना कोरोना झाला. इस्पितळात त्यांना खाटेला साखळीने बांधले आहे, अशी पत्नीची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपचारासाठी दिल्लीला हलवायला सांगितले आणि जगण्याचा हक्क कच्च्या कैद्यालाही आहे, हे स्पष्ट केले. सप्टेंबर २०२२ मध्ये जामीन मंजूर झाला, पण ते बाहेर आले फेब्रुवारी २०२३ मध्ये.

आणि तळोजा तुरुंग तर आपल्या अगदी जवळ. फादर स्टॅन स्वामी पत्रकार नव्हते. पण पार्किन्सनने हात थरथरणाऱ्या त्या ८३ वर्षांच्या येशूसंघीय धर्मगुरूला पाणी पिण्यासाठी साधी नळी न्यायालयाकडे मागावी लागली, हे आपण विसरलेलो नाही. ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, वांद्र्याच्या इस्पितळात ते देवाघरी गेले. ती नळी म्हणजेच ते जुनेर होते.

ही काळजी म्हणजे कैद्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेले नेल्सन मंडेला नियम सांगतात की, बाहेरच्या माणसाला जे उपचार मिळतात तेच कैद्यालाही मिळाले पाहिजेत आणि सलग पंधरा दिवसांहून अधिक एकांतकोठडी देऊ नये.

बंधू-भगिनींनो, आता आपण स्वतःकडे वळू या. आपल्या पक्षाविरुद्ध, आपल्या समाजाविरुद्ध, आपल्या चर्चविरुद्ध बातमी आली की आपलाही राग अनावर होतो. ‘बरे झाले आत गेला, काहीतरी केलेच असेल,’ असे आपण किती सहज म्हणून जातो! नोव्हेंबर २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी ख्रिस्तसभेतली लैंगिक अत्याचाराची प्रकरणे उघड करणाऱ्या पत्रकारांचे आभार मानले. ती बातमी आपल्याला दुखावणारी होती, पण तिच्यामुळे पीडितांचे म्हणणे ऐकले गेले. पोप लिओ ह्यांनीही निवडीनंतर चारच दिवसांनी, १२ मे २०२५ रोजी, सत्य सांगितल्याबद्दल तुरुंगात असलेल्या पत्रकारांच्या सुटकेची मागणी केली.

आपल्या हाती राजाचा अधिकार नाही. एबद-मलेखच्या हातीही नव्हता. पण त्याच्याकडे तोंड उघडण्याचे धाडस होते, आणि जुनेर कुठे मिळेल हे त्याला ठाऊक होते. रोजच्या कौटुंबिक रोझरीत एक प्रार्थना बंदिवान पत्रकारांसाठी करू या. कोणाच्या अटकेची बातमी वाचली, तर निकाल देण्यापूर्वी त्याचे म्हणणे काय आहे ते वाचू या. तुरुंगात जाणाऱ्या आपल्या सेवाकार्यकर्त्यांना साबण, कपडे आणि औषधांसाठी हातभार लावू या. आणि ज्या घरातला माणूस आत आहे, त्या घराचा उंबरठा टाळू नये. बंदिशाळेत आपल्याला भेटायला कोण आले, हे प्रभू येशू शेवटच्या दिवशी विचारणार आहे. आत का गेला होता, हे तो विचारणार नाही.

हे प्रभो, तुलाही सत्याबद्दल बांधून नेले होते. अंधाऱ्या कोठडीत आजारी पडलेल्या तुझ्या लेकरांना आरोग्य दे, न्याय दे आणि सुखरूप घरी आण. आम्हांला दोर धरण्याचे बळ दे आणि जुनेर आठवण्याइतके कोवळे मन दे. आमेन.